डीपीवर बियॉन्से, बायोडाटात ‘वर्ण : गोरा’

चळवळीतल्या तरुण मुली गेल्या काही वर्षांत काळ्या स्त्रियांचे फोटो मोठ्या हौसेने लावताना दिसतात. अँजेला डेव्हिसचे गोल फुललेले केस, बियॉन्सेचा रंगमंचावरचा तोरा, रिहानाची बेफिकिरी, आणि २०१९ साली बारीक कापलेल्या केसांवर विश्वसुंदरीचा मुकुट मिरवणारी दक्षिण आफ्रिकेची झोझिबिनी टुन्झी.

यावर आपल्याकडे दोन प्रकारची माणसं बोलतात. पहिली म्हणतात, हा सगळा नट्टापट्टा आहे. अ‍ॅट्रॉसिटीच्या केसेस वर्षानुवर्षं पडून आहेत, शिष्यवृत्त्या थकल्या आहेत आणि पोरींना केसांचं पडलंय. दुसरी माणसं फोटो पाहतात, ‘कडक!’ म्हणतात आणि पुढे सरकतात. एकाला सौंदर्य क्षुल्लक वाटतं, दुसऱ्याला ते फुकट मिळालेलं वाटतं. आमच्या मते दोघंही चुकतात. काळ्या स्त्रीचं सौंदर्य जगाला आपोआप दिसायला लागलं नाही. त्यासाठी संघटना बांधाव्या लागल्या, कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या, नोकऱ्या गमवाव्या लागल्या. हा इतिहास माहीत नसेल तर त्या फोटोचं कौतुक अर्धवट राहतं आणि त्याची टिंगलही अडाणीपणाची ठरते.

आणखी एक. आम्ही मुद्दाम ‘काळ्या’ म्हणतो, ‘कृष्णवर्णीय’ म्हणत नाही. ज्या शब्दाने शिवी दिली गेली, तोच शब्द उचलून त्यांनी छातीवर लावला. ‘दलित’ या शब्दाला पँथरच्या पिढीने जे बळ दिलं, तेच बळ ‘ब्लॅक’ या शब्दाला १९६०च्या दशकात मिळालं. शब्द सभ्य करण्याची घाई बाहेरच्यांना असते.

आपल्या आठवणीतला काळा माणूस

काळ्यांच्या लढ्याशी आपलं नातं जुनं आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामगिरी संपवणाऱ्या सज्जनांना. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतल्या काळ्यांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे जाणाऱ्या निवेदनाची चौकशी केली. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. हे तिन्ही दाखले आपल्या प्रत्येक शिबिरात सांगितले जातात.

पण या दाखल्यांमधून आपल्या डोळ्यांसमोर उभा राहणारा काळा माणूस पुरुषच असतो. ब्लॅक पँथर म्हटलं की चामडी जाकीट आणि बंदूक घेतलेला तरुण. त्या पक्षात साठच्या दशकाच्या अखेरीस निम्म्याहून जास्त सदस्य स्त्रिया होत्या, १९७४ ते १९७७ या काळात एलेन ब्राउन ही स्त्री पक्षाची अध्यक्ष होती, हे किती जणांना माहीत आहे? गरीब मुलांच्या सकाळच्या नाश्त्याचा कार्यक्रम चालवण्यात बायकांचे हात किती होते, हे कोण सांगतं? पक्षाच्या कॅथलीन क्लीव्हर यांनी १९६८ साली कॅमेऱ्यासमोर समजावून सांगितलं होतं की, आम्ही केस जसे उगवतात तसेच का ठेवतो. केसांचा प्रश्न पँथरच्या कामाबाहेरचा नव्हता, आतलाच होता.

फडक्याचा कायदा

१७८६ साल. लुइझियाना तेव्हा स्पेनच्या ताब्यात होतं. गव्हर्नर एस्तेबान मिरो याने हुकूम काढला की, स्वतंत्र असलेल्या काळ्या आणि मिश्रवंशीय बायकांनी केसांत पिसं आणि दागिने माळायचे नाहीत, केस फडक्याने बांधून ठेवायचे. कारण उघड होतं. या बायका गुलाम नव्हत्या, कमावत होत्या, नीटनेटक्या राहत होत्या आणि गोऱ्या बायकांच्या बरोबरीने दिसत होत्या. दिसण्यातली ही बरोबरी सत्तेला सहन होईना. मग न्यू ऑर्लिन्सच्या या बायकांनी काय केलं? त्यांनी झगझगीत रंगांची वस्त्रं घेतली, उंच आणि देखण्या गाठी मारल्या, आणि शिक्षेचं फडकं हीच त्यांची ओळख झाली. त्याला ‘तिन्यों’ म्हणतात. आज पॉप गायिका डोक्याला असं वस्त्र बांधून मंचावर येते तेव्हा तिच्यामागे हा सव्वादोनशे वर्षांहून जुना हुकूम उभा असतो.

हे वाचून आपल्याला महाड आठवायला हवं. डिसेंबर १९२७च्या महाड परिषदेत बाबासाहेब स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले. लुगडं नेसण्याच्या पद्धतीवरून आणि अंगावरच्या जड, हलक्या धातूच्या दागिन्यांवरून तुमचं अस्पृश्यपण दुरून ओळखू येतं, या खुणा टाकून द्या, असं त्यांनी सांगितलं. बायकांनी ते ऐकलं आणि लुगडं नेसण्याची पद्धत बदलली. ‘नट्टापट्टा’ म्हणून नाक मुरडणाऱ्या कार्यकर्त्यांना आमचा सवाल आहे : चवदार तळ्याच्या लढ्यात, मनुस्मृती जाळली त्याच परिषदेत, बाबासाहेबांनी लुगड्यावर बोलण्यात वेळ का घालवला? कपडा ही किरकोळ गोष्ट असती तर त्यावर धर्मशास्त्राने आणि गव्हर्नरने बंधनं घातली नसती.

दोन्हीकडचं उत्तर वरवर उलटं दिसतं. एकीकडे लादलेले दागिने टाकून दिले, दुसरीकडे लादलेलं फडकं सजवलं. प्रश्न मात्र एकच : माझ्या अंगावर काय असावं हे ठरवणार कोण?

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. जात म्हणजे वंश नव्हे, जातीचा उगम रंगात शोधू नका, हे बाबासाहेबांनी ‘शूद्र पूर्वी कोण होते’ आणि ‘अस्पृश्य मूळचे कोण’ या ग्रंथांत पुराव्यानिशी मांडलं. ‘दलित म्हणजे काळे, सवर्ण म्हणजे गोरे’ असलं भाबडं समीकरण आम्ही मांडत नाही. आमच्यात गोरे आहेत, त्यांच्यात काळे आहेत. साम्य कातडीत नाही. कोणाचं शरीर आदरणीय, कोणाचं ओंगळ, हे ठरवण्याचा मक्ता एका गटाने घेतला, साम्य त्यात आहे.

बाहुली आणि मुकुट

मॅमी क्लार्क आणि त्यांचे पती केनेथ क्लार्क हे काळे मानसशास्त्रज्ञ. १९४०च्या दशकात त्यांनी लहान मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. बाहुल्या सारख्याच, फरक फक्त रंगाचा. चांगली कोणती, वाईट कोणती, तुझ्यासारखी कोणती? बहुसंख्य काळ्या मुलांनी गोरी बाहुली चांगली ठरवली. काही मुलांना ‘तुझ्यासारखी कोणती’ या प्रश्नावर रडू कोसळलं. या प्रयोगांच्या मुळाशी मॅमी यांचा एम.ए.चा प्रबंध होता, हे सांगायचं मात्र अनेकदा राहून जातं. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंशानुसार वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, त्या खटल्यात हा पुरावाही होता. ‘मी कुरूप आहे’ ही मुलाची भावना देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. सौंदर्याचा प्रश्न क्षुल्लक म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

‘मिस अमेरिका’ स्पर्धेच्या नियमावलीत एके काळी सातवा नियम होता : स्पर्धक गोऱ्या वंशाचीच हवी. १९५० साली तो नियम गेला, तरी पहिली काळी स्पर्धक तिथे पोहोचायला १९७० उजाडलं. दरम्यान सप्टेंबर १९६८मध्ये अटलांटिक सिटीत दोन घटना घडल्या. मिस अमेरिकाच्या सभागृहाबाहेर स्त्रीमुक्तीवाद्यांनी निदर्शनं केली. त्यात बहुसंख्य गोऱ्या होत्या. त्यांनी ब्रा, उंच टाचांचे बूट, खोट्या पापण्या कचऱ्याच्या पिंपात टाकल्या. बाईला शोभेची वस्तू करू नका, ही त्यांची मागणी. आणि तिथून जवळच्याच हॉटेलात पहिली ‘मिस ब्लॅक अमेरिका’ निवडली जात होती. साँड्रा विल्यम्स ही कॉलेजात शिकणारी मुलगी आपल्या नैसर्गिक केसांनिशी जिंकली.

एक गट मुकुट नाकारत होता, दुसरा मुकुटावर हक्क सांगत होता. आमच्या मते दोन्ही मागण्या खऱ्या होत्या. पण मुकुट नाकारायला तो आधी आपल्याला देऊ केलेला असावा लागतो. गोऱ्या बाईला सौंदर्याच्या पिंजऱ्यात कोंडलं होतं. काळ्या बाईला त्या पिंजऱ्याच्याही बाहेर, कष्टाच्या जनावरांमध्ये मोजलं होतं. सगळ्या बायकांचं दुःख सारखंच असतं, असं म्हणणाऱ्यांना हा फरक कळत नाही. आपल्याकडे गोपाळ गुरू यांनी १९९५ साली आणि शर्मिला रेगे यांनी १९९८ साली दलित स्त्रीच्या वेगळ्या भूमिकेची जी मांडणी केली, ती याच फरकाची होती. त्याआधी १९७७ साली बॉस्टनच्या काळ्या स्त्रियांच्या कंबाही रिव्हर कलेक्टिव्हने मांडलं होतं की, काळी स्त्री मुक्त झाली तर सगळेच मुक्त होतील, कारण त्यासाठी शोषणाच्या सगळ्याच व्यवस्था मोडाव्या लागतील. ही वाट आपल्याला ओळखीची वाटते ती उगाच नाही.

‘ब्लॅक इज ब्यूटिफुल’ कुणी घडवलं?

ही घोषणा कुठल्या जाहिरात कंपनीने दिलेली नाही. २८ जानेवारी १९६२ रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये ‘नॅचरली ६२’ नावाचा कार्यक्रम झाला. मार्कस गार्वीच्या विचारांनी भारलेल्या तरुण कलावंतांच्या एका गटाने तो केला. छायाचित्रकार क्वामे ब्राथवेट हे त्यातलेच. गडद वर्णाच्या, केस सरळ न केलेल्या साध्या मुली आफ्रिकन धाटणीच्या कपड्यांत मंचावर चालल्या. त्यांचं नाव ‘ग्रँडासा मॉडेल्स’. गर्दी इतकी उसळली की त्याच रात्री कार्यक्रम पुन्हा करावा लागला. नंतर तो गावोगाव गेला. कलापथकाने वस्त्यावस्त्यांत जाऊन माणसं जागी करावीत, त्यातलाच हा प्रकार. आपल्या जलशांच्या परंपरेला हे काम नवं वाटू नये.

त्याच्याही आधी मॅडम सी. जे. वॉकर होऊन गेल्या. १८६७ साली लुइझियानात गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या आईबापांच्या पोटी जन्म. कपडे धुऊन पोट भरलं. पुढे काळ्या बायकांच्या केसांसाठी उत्पादनं करून हजारो काळ्या बायकांना विक्रीचं काम दिलं. धुणीभांडी सोडून दुसरं काही करता येतं, हे त्या बायकांना प्रथमच दिसलं. १९१७ साली फिलाडेल्फियात या विक्रेत्या बायकांचं अधिवेशन भरलं, तिथून त्यांनी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना तार करून काळ्यांच्या झुंडबळींविरुद्ध कारवाईची मागणी केली. केसांचं तेल विकणाऱ्या बायकांची ही तार होती! वॉकर यांच्यावर टीकाही झाली की, केस सरळ करण्याचं वेड त्यांनी वाढवलं. ती टीका रास्तच. पण त्या टीकेसोबत ती तारही सांगा.

केसांची कोर्टकचेरी

काळ्या बाईचे केस कुरळे, दाट. वेण्या घालून किंवा जटांसारख्या लडी करून ते नीट राहतात. गोऱ्यांच्या ऑफिसात मात्र ते ‘अव्यवस्थित’ ठरतात.

१९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सच्या एका काळ्या कर्मचारी महिलेने दावा केला : माझ्या वेण्यांना मनाई हा भेदभाव आहे. न्यायालयाने दावा फेटाळला. वेण्यांवरची बंदी सगळ्यांनाच लागू आहे, वेणी सोडता येते, म्हणून हा वंशभेद नाही. त्यावर कडी म्हणजे, एका गोऱ्या अभिनेत्रीच्या सिनेमामुळे ही वेणी नुकतीच लोकप्रिय झाल्यावर या बाईने ती घातली, असंही निकालात नोंदवलं गेलं. शेकडो वर्षं काळ्या आया लेकींच्या ज्या वेण्या घालत आल्या, त्यांची मालकी एका सिनेमाने गोऱ्या नटीकडे गेली.

१९७६ सालचा एक खटला याहून बोलका आहे. जनरल मोटर्समधून कमी केलेल्या काळ्या बायका न्यायालयात गेल्या. उत्तर मिळालं : कंपनीत बायका आहेत, म्हणून स्त्री म्हणून भेदभाव नाही. त्या बायका गोऱ्या होत्या. आणि काळे म्हणून वेगळी तक्रार असेल तर ती काळ्यांच्या दुसऱ्या खटल्यात जोडा. काळे कामगार पुरुष होते. काळी स्त्री दोन्ही खणांच्या मधून खाली पडली. १९८९ साली किंबर्ली क्रेनशॉ यांनी या खटल्यावरूनच ‘इंटरसेक्शनॅलिटी’ ही संकल्पना मांडली. समाजशास्त्राच्या पेपरात आपण तिची व्याख्या पाठ करतो. ती नोकरी गेलेल्या बायकांच्या तक्रारीतून आली, हे ध्यानात ठेवा.

२०१६ सालीही अलाबामातल्या एका खटल्यात अपील न्यायालयाने लडी कापायला नकार देणाऱ्या काळ्या स्त्रीची नोकरी नाकारणं वैध ठरवलं. अखेर २०१९ साली कॅलिफोर्नियाने ‘क्राउन’ कायदा केला : केसांच्या ठेवणीवरून शाळेत किंवा कामावर भेदभाव हा वंशभेदच. काळ्या आमदार हॉली मिचेल यांनी तो आणला. त्यानंतर वीसहून अधिक राज्यांनी असे कायदे केले. देशपातळीवरचं विधेयक मात्र २०२२ साली प्रतिनिधीगृहात मंजूर होऊन सिनेटमध्ये अडकलं.

बाजार दोन्ही हातांनी विकतो

आता ‘कडक!’ म्हणणाऱ्यांकडे वळू. या क्राउन कायद्याच्या मोहिमेत काळ्यांच्या संघटनांच्या जोडीला ‘डव्ह’ हा साबणाचा ब्रँडही होता. डव्ह कुणाचा? युनिलिव्हरचा. त्याच युनिलिव्हरची भारतातली कंपनी १९७५पासून ‘फेअर अँड लव्हली’ विकत होती. काळी मुलगी नाकारली जाते, क्रीम लावते, गोरी होते आणि नोकरी किंवा नवरा मिळवते, हा त्या जाहिरातींचा धडा आपल्या दोन पिढ्यांनी टीव्हीवर पाहिला. २०२०मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर जगभर काळ्यांचं आंदोलन पेटलं, तेव्हा कुठे नाव बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ झालं. अमेरिकेत ‘तू आहेस तशी सुंदर’ आणि भारतात ‘उजळ हो’. अमेरिकेत काळ्या स्त्रिया संघटित होत्या म्हणून बाजार तिथे वाकला. कंपनीला कोणतंही तत्त्व नसतं, तिला गिऱ्हाईक आणि दबाव कळतो.

रिहानाने २०१७ साली मेकअपच्या चाळीस छटा बाजारात आणल्या आणि गडद वर्णासाठी काहीच न करणाऱ्या इतर कंपन्यांना पळापळ करावी लागली. हे चांगलंच झालं. पण चाळीस छटांमुळे झाडूवालीचा पगार वाढत नाही.

बियॉन्सेने फेब्रुवारी २०१६मध्ये सुपर बोलच्या मैदानात नर्तकींना पँथरसारख्या काळ्या टोप्या घालून नाचवलं. ते पँथर पक्षाच्या स्थापनेचं पन्नासावं वर्ष. पोलिसांच्या संघटना खवळल्या, बहिष्काराची भाषा झाली. कोट्यवधी घरांत त्या रात्री पँथरची आठवण पोहोचली. त्याच वर्षी तिचा ‘लेमोनेड’ आला आणि बेल हुक्स या काळ्या स्त्रीवादी विचारवंत बाईंनी स्पष्ट लिहिलं की, यातली काळी शरीरं देखणी आहेत, पण शेवटी हा विक्रीचाच माल आहे. अनेक तरुण काळ्या स्त्रियांनी हुक्स यांना उलट उत्तरं दिली. आम्हाला हे भांडण फार मोलाचं वाटतं. आपल्या माणसाचं कौतुकही करायचं आणि त्याची चिकित्साही करायची, हे जिवंत चळवळीचं लक्षण. भक्तीने चळवळ मरते, हे बाबासाहेबांच्या अनुयायांना वेगळं सांगायला नको.

आणि अँजेला डेव्हिस? १९७० साली एफबीआयने त्यांना देशातल्या दहा ‘मोस्ट वाँटेड’मध्ये टाकलं. त्या फरारी असताना तसे केस ठेवणाऱ्या कितीतरी काळ्या बायकांना पोलिसांनी रस्त्यात अडवलं. १९७२ साली त्या निर्दोष सुटल्या. पुढे १९९४ साली एका मासिकाने त्यांच्या त्या दिवसांची नक्कल करून फॅशनचे फोटो छापले. त्यांनी खंत व्यक्त केली की, आपलं राजकारण विसरून लोकांना फक्त केशरचना आठवते. डिसेंबर २०१६मध्ये त्या मुंबईत येऊन व्याख्यान देऊन गेल्या. तुरुंगांबद्दल त्यांनी आयुष्यभर काय लिहिलं, हे त्यांचा फोटो लावणाऱ्यांनी एकदा वाचावं.

आता आपलं घर

वस्तीतल्या किशोरींच्या गटांसोबत काम करताना आम्हाला हे सतत दिसतं. दहावीची हुशार पोर फोटो काढला की आधी रंग उजळ करते, मग पाठवते. नोकरीच्या जाहिरातीत ‘प्रेझेंटेबल’ हा शब्द वाचून मुली अर्जच करत नाहीत. हा शब्द काय मागतो, हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही, तरी नेमकं कळतं.

आणि यात आपण मागे नाही. आपल्या बौद्ध वधू-वर मेळाव्यांचे बायोडाटा काढून पाहा. वर तथागताची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, खाली शिक्षण, नोकरी, आणि मग एक ओळ : ‘वर्ण : गोरा’. नाहीतर ‘वर्ण : गव्हाळ’. सावळ्या मुलीचे आईबाप तिथे थबकतात आणि ‘निमगोरा’ लिहितात. ज्या शब्दाची व्यवस्था मोडण्यासाठी बाबासाहेबांनी आयुष्य वेचलं, तो शब्द आपण स्वतःच्या हाताने, स्वतःच्या लेकीच्या नावाखाली लिहितो. पँथरची टोपी घालून फोटो काढणारा तरुणही मुलगी बघायला जातो तेव्हा आईला हळूच म्हणतो, ‘रंग जरा दबलेला आहे.’ त्याने अँजेला डेव्हिसचा फोटो खुशाल लावावा, पण अँजेलासारखी दिसणारी मुलगी त्याने नाकारलेली असते हे विसरू नये.

म्हणून आमचं म्हणणं कौतुकावर थांबत नाही. प्रत्येक वधू-वर मेळाव्याच्या आयोजकांनी अर्जातून रंगाचा रकाना काढून टाकावा. त्याला ना पैसे लागतात, ना परवानगी. युवक-युवतींच्या शिबिरांत क्लार्क यांच्या बाहुल्या आणि महाडचं स्त्रियांपुढचं भाषण एका सत्रात शिकवावं. रंगावरून मुलीला टोपणनाव देणाऱ्या मामाला, काकाला भर घरात टोकावं. आणि ‘प्रेझेंटेबल’ म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न मुलाखत घेणाऱ्याला लेखी विचारण्याची सवय आपल्या संघटनांनी लावून घ्यावी. काळ्या स्त्रियांनी प्रत्येक वेणीचा हिशेब मागितला तेव्हा कायदा बदलला.

पोरींनो, फोटो लावा. कोणी नट्टापट्टा म्हणालं तर त्याला १९२७चं महाड सांगा. फक्त तुमचा बायोडाटा घरी कुणी भरत असेल तर पेन आपल्या हातात घ्या आणि ‘वर्ण’ या शब्दावर आडवी रेघ मारा.

जय भीम!